हिमोग्लोबिन १०.४, बी१२ १६८, आणि मैत्रीण म्हणते गमीज खा

स्नेहल_मुलुंड
नमस्कार मंडळी, खूप दिवसांनी धागा काढतेय. वय ३९, नोकरी फोर्टला, रोजचं मुलुंड-सीएसएमटी. हल्ली सीएसएमटीचा सबवे चढून वर आले की धाप लागते, केस एवढे गळतात की बाथरूमची जाळी तुंबते, रात्री पोटऱ्या ओढतात आणि जीभ अशी सोलवटल्यासारखी झालीये की तिखट लागलं की डोळ्यात पाणी. ऑफिसतर्फे चेकअप झालं त्यात हिमोग्लोबिन १०.४, व्हिटॅमिन बी१२ १६८, व्हिटॅमिन डी ११. टीएसएच (थायरॉइडची टेस्ट) गोळीवर असल्याने ठीक आहे. फॅमिली डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम, डीची पाकिटं, बी१२ असं सगळं लिहून दिलं. आता हे सगळं बघून माझी डेस्कवरची मैत्रीण म्हणते अगं एवढं कशाला, 'फॉर विमेन' गमीज (चघळायच्या व्हिटॅमिनच्या गोळ्या) मिळतात त्यात सगळं असतं, केसांनाही चांगलं, दोन चघळल्या की झालं. चवीला म्हणे छान असतात. मासे खाते पण रविवारीच, आणि सोमवार गुरुवार संकष्टी श्रावण सगळं पाळते. काय करू?

शेपूद्वेष्टी
आधी त्या गमीच्या डबीवर लोह लिहिलंय का बघ. बहुतेक मोठ्यांच्या गमीजमध्ये लोह नसतंच, कारण चव बिघडते. म्हणजे तुला ज्याची सगळ्यात जास्त गरज आहे तेच त्यात नाही.

गिरगावची_माई
बाळ, गोळ्याबिळ्या ठीक आहेत पण रोज बीट, डाळिंब आणि गूळ-खजूर खा. आमच्या वेळी बाळंतिणीला हळिवाचे लाडू आणि डिंकाचे लाडू, कोणाला कधी पाकिटं लागली नाहीत.

लॅबमधला
माई, राग मानू नका पण बीट-डाळिंब हा नुसता रंगाचा खेळ आहे. १०० ग्रॅम बिटात १ मिलिग्रॅमही लोह नसतं, डाळिंबात तर त्याहून कमी. गुळाचा १० ग्रॅमचा खडा घेतला तर जेमतेम अर्धा मिलिग्रॅम. आणि बाईला दिवसाला लागतं किती, तर आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०२० च्या तक्त्यात २९ मिलिग्रॅम (पुरुषाला १९). हळीव मात्र बरोबर, त्यात खरंच भरपूर असतं, लिंबू पिळून भिजवलेलं तर उत्तमच.

स्नेहल ताई, मी डॉक्टर नाही, पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, तरी एक विचारतो. सीबीसीच्या (रक्तपेशींच्या तपासणीच्या) कागदावर एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) आणि आरडीडब्ल्यू (त्या आकारातला फरक) किती लिहिलंय? आणि फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याची टेस्ट, केलंय का?

स्नेहल_मुलुंड
एमसीव्ही ८४, त्यापुढे नॉर्मल लिहिलंय. आरडीडब्ल्यू १९ आणि त्याला बोल्ड केलंय. फेरिटिन पॅकेजमध्ये नव्हतं. एमसीव्ही नॉर्मल म्हणजे लोहाचा प्रॉब्लेम नाही ना?

लॅबमधला
तसं नाही, उलट इथेच गंमत आहे. लोह कमी असलं की लाल पेशी लहान होतात, बी१२ किंवा फोलेट (फोलिक अ‍ॅसिड) कमी असलं की मोठ्या होतात. दोन्ही एकदम कमी असलं तर काही लहान काही मोठ्या, आणि मशीन काढतं सरासरी, ती येते बरोब्बर नॉर्मल. पण पेशींच्या आकारात फरक किती आहे ते आरडीडब्ल्यू सांगतो आणि तो तुमचा वाढलेला आहे. म्हणून फेरिटिन करा. पॅकेजमध्ये पन्नास टेस्ट असतात, लिव्हर-किडनी-लिपिड सगळं, आणि बायकांना जी पहिली करायला पाहिजे ती नेमकी बाहेर ठेवलेली असते, हे मी रोज बघतो आणि रोज चिडतो. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. १५ च्या खाली म्हणजे साठा संपलाच. बरेच डॉक्टर ३० च्या खालीही उपचार करतात. फक्त ताप-इन्फेक्शन चालू असताना करू नका, तेव्हा तो खोटा वाढलेला दिसतो.

भाऊचा_धक्का
रविवारी मासे खाते म्हणतेस ना मग तिसऱ्या (शिंपल्या) खा. बी१२ चं त्याच्याइतकं भारी काही नाही, लोहही असतं. मूठभर तिसऱ्यात दिवसाच्या गरजेच्या कितीतरी पट बी१२. बांगडा, तारली पण चांगली. आणि तारली काट्यासकट खाल्ली तर कॅल्शियम फ्री.

पार्ल्याची_वनिता
आणि आम्ही शाकाहारी लोकांनी काय करायचं? प्रत्येक धाग्यात शेवटी मासेच येतात 🙄

शेपूद्वेष्टी
वनिता, दूध-दही आहे ना. मोठ्या ग्लासभर दुधात साधारण १ मायक्रोग्रॅम बी१२, रोजची गरज दोन-अडीच. पण आपल्याकडे दूध सकाळी उकळतो, दुपारी परत, चहाला परत, त्यात काही जातं. पनीर, दही, ताक मिळून होऊ शकतं पण काठावरच. पालेभाजीत, कडधान्यात बी१२ नसतं, कोणी कितीही मोड आणले तरी नाही. आणि ज्यांना डायबेटिससाठी मेटफॉर्मिन चालू आहे किंवा वर्षानुवर्षं अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या चालू आहेत त्यांचं तर आणखी कमी होतं, त्यांनी तपासूनच घ्यावं. हातापायाला मुंग्या, विसरायला होणं हे वयामुळे म्हणून सोडून देऊ नका.

डॉ_अनु
धागा उशिरा पाहिला. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, उपनगरात पालिकेच्या रुग्णालयात. आहारावर सगळे बोलले पण मुख्य प्रश्न कोणीच विचारला नाही. स्नेहल, पाळी कशी आहे? किती दिवस, गाठी पडतात का, रात्री उठून पॅड बदलावं लागतं का?

स्नेहल_मुलुंड
डॉक्टर, सात-आठ दिवस असते, पहिले तीन दिवस डबल पॅड लावूनच ट्रेनमध्ये चढते, गाठी पडतात. पण आमच्याकडे आईचं, मावशीचं असंच होतं त्यामुळे मला ते नॉर्मलच वाटतं.

डॉ_अनु
हे नॉर्मल नाही. माझ्या ओपीडीत रोज अशा बायका येतात ज्यांचं हिमोग्लोबिन ७-८ वर आहे आणि लोहाच्या गोळ्या अनेकदा खाऊन झाल्यात. थोडं वाढतं, गोळ्या बंद, परत खाली. टाकी गळतेय आणि आपण वरून बादल्या ओततोय. आधी गळती शोधायला हवी. सोनोग्राफी करून घे, फायब्रॉइड (गर्भाशयातली गाठ) आहे का, गर्भाशयाचं अस्तर जाड झालंय का, ते कळेल. थायरॉइड कमी असलं तरी पाळीत जास्त जातं, पण तुझं कंट्रोलमध्ये आहे म्हणतेस. आणि ज्यांची पाळी गेलेली आहे त्यांचं लोह कमी आलं तर नुसत्या गोळ्या घेऊन थांबूच नये, पोट-आतड्यातून रक्त जातंय का ते बघावंच लागतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९-२१ मध्ये १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका अ‍ॅनिमिक निघाल्या, महाराष्ट्रात ५४ टक्के. त्याच्या आधीच्या पाहणीत देशाचा आकडा ५३ होता, म्हणजे कमी व्हायच्या ऐवजी वाढला. एवढ्या सगळ्यांना 'पालेभाजी खा' सांगून भागणार नाही.

उल्हासनगर_एक्स्प्रेस
माझंही सांगते कारण कोणाच्या तरी कामाला येईल. मी लग्नाआधीपासून लोहाच्या गोळ्या खात होते, हिमोग्लोबिन कायम १०-११, प्रत्येक डॉक्टर नवीन ब्रँड द्यायचे. प्रेग्नन्सीत पहिल्यांदा एका मॅडमनी इलेक्ट्रोफोरेसिस (हिमोग्लोबिनचे प्रकार बघायची टेस्ट) करायला सांगितलं तेव्हा कळलं थॅलेसेमिया मायनर, म्हणजे रक्ताच्या या आनुवंशिक आजाराची मी वाहक. फेरिटिन छान भरलेलं होतं, मला लोहाची गरजच नव्हती! मग नवऱ्याची टेस्ट होईपर्यंत जो जीव टांगणीला लागला तो विचारू नका (त्यांचं नॉर्मल निघालं). आम्ही सिंधी, आमच्यात हे जास्त आढळतं, पंजाबी आणि कच्छी-लोहाणा मंडळींतही. दोघंही मायनर असले तर प्रत्येक बाळंतपणात मूल थॅलेसेमिया मेजर, म्हणजे गंभीर आजाराचं, असायची शक्यता २५ टक्के.

लॅबमधला
+१. त्यात एमसीव्ही एकदम कमी, ६०-६५ वगैरे, पण हिमोग्लोबिन मात्र फार खाली नाही असं चित्र असतं. म्हणूनच म्हणतो फेरिटिन न बघता वर्षानुवर्षं लोह नको.

परळकर
विषय निघालाच आहे तर थोडं अवांतर. ज्या फोलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या आज प्रत्येक गरोदर बाईला देतात त्याची गोष्ट आपल्या परळला सुरू झाली हे किती जणांना माहितीये? ल्युसी विल्स नावाची इंग्लिश डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईत आली, परळच्या हाफकिन संशोधन संस्थेत काम करायची. तेव्हा गिरण्यांत काम करणाऱ्या, चाळीतल्या गरीब बायकांना गरोदरपणात भयानक अ‍ॅनिमिया व्हायचा, पेशी मोठ्या झालेल्या, आणि त्यात बायका दगावायच्या. जंतूंचा संशय होता. विल्सबाईंनी या बायका काय खातात ते तपासलं, मग तसंच निकस खाणं उंदरांना, माकडांना देऊन पाहिलं, आणि त्यांना सापडलं की मार्माईट, म्हणजे ब्रेडला लावायचा तो काळा खारट यीस्टचा चीक, तो दिला की आजार बरा होतो. १९३१ मध्ये त्यांनी ते छापलं. आत नेमकं काय आहे ते तेव्हा कळलं नव्हतं म्हणून त्याला विल्स फॅक्टरच म्हणायचे. पुढे १९४१ मध्ये तेच द्रव्य पालकातून वेगळं काढलं, ते फोलिक अ‍ॅसिड. २०१९ मध्ये गुगलने त्यांच्या वाढदिवसाला डूडल केलं होतं. हाफकिनवरून रोज बस जाते पण आत हे घडलं हे शाळेत कोणी सांगितलं नाही.

गिरगावची_माई
हे नव्हतं हो माहीत. गिरणीत बायकाही होत्या हेच हल्ली लोक विसरतात, माझी आत्या वाइंडिंगला होती.

डॉ_अनु
परळकर, छान आठवण काढलीत. त्याला जोडून महत्त्वाचं, फोलिक अ‍ॅसिड दिवस राहिल्यावर नाही, त्याच्या आधीपासून हवं. बाळाच्या मज्जासंस्थेची नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत बंद होते, तोवर कित्येकींना पाळी चुकल्याचं नीट कळलेलंही नसतं. मूल हवंय असं ठरलं की ४०० मायक्रोग्रॅम रोज सुरू करा. आणि बी१२ कमी असताना नुसतं फोलिक देत राहिलं तर रक्त सुधारतं पण नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं, म्हणून शाकाहारी बायकांचं बी१२ बघाच.

मुलींच्या आयांसाठी, शाळेत आठवड्यातून एकदा जी निळी गोळी देतात ती लोह ६० मिलिग्रॅम आणि फोलिक ५०० मायक्रोग्रॅम असते. 'पोट दुखतं' म्हणून खिडकीतून टाकतात हे मला माहितीये. जेवणानंतर घ्यायला सांगा.

वस्तीतली_ताई
मी काही वर्षं वस्त्यांमध्ये काम केलंय. मुंबईत 'सरस' म्हणून मोठा अभ्यास झाला होता, २००६ ला सुरू झालेला, वस्तीतल्या बायकांना दिवस राहायच्या आधीपासून बाळंतपणापर्यंत रोज पालेभाजी, दूध, फळं घातलेला खाऊ द्यायचे, आणि दुसऱ्या गटाला बटाटा-कांदा-साबुकंदाचा. सगळ्यांचे मिळून बाळांचं वजन काही फार वाढलं नाही, पण ज्यांनी किमान तीन महिने आधीपासून खाल्लं त्यांच्या बाळांत फरक दिसला, आणि गरोदरपणातला डायबेटिस जवळजवळ निम्म्यावर आला. मला त्यातलं एक फार पटतं, की खाऊ केंद्रावरच, समोर बसून खायचा. घरी दिला तर बाई खाणार नाही, पोरं खाणार, सासरे खाणार. कुठल्याही घरात जा, अगदी टॉवरमधल्यासुद्धा, भाजी शेवटी कोणाच्या ताटात संपते ते बघा.

पार्ल्याची_वनिता
टॉवरमध्ये राहते. खरंय.

शेपूद्वेष्टी
उपासाचंही बोला जरा. स्नेहल आठवड्यातून दोन उपास आणि वर संकष्टी, आणि खाणार काय तर साबुदाणा. साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, त्यात लोह नाही प्रोटीन नाही, जे काय आहे ते शेंगदाण्याच्या कुटात. राजगिऱ्याची भाकरी खा, दही खा, शिंगाड्याचं पीठ घे. उपास मोडायला नाही सांगत.

मुंबईकर_काकू
डीच्या पाकिटांबद्दल कोणीतरी लिहा प्लीज. आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकूंना आठवड्याला एक असं लिहून दिलं होतं, त्यांनी ते कायमचंच धरलं, केमिस्ट चिठ्ठी न बघता देत राहिला. शेवटी उलट्या, बद्धकोष्ठ, असंबद्ध बोलणं, कॅल्शियम एवढं वाढलेलं की अ‍ॅडमिट करावं लागलं.

डॉ_अनु
बरोबर, ६०,००० युनिटचं पाकीट साधारण आठ आठवडे आठवड्याला एक, मग डॉक्टर सांगतील तसं महिन्याला किंवा बंद. रोज तर अजिबात नाही. डी चरबीत विरघळतं, जास्तीचं लघवीवाटे निघून जात नाही. जेवणाबरोबर घ्या. आणि एवढ्या उन्हात मुंबईत डी कमी कसं असं सगळे विचारतात, तर ज्या किरणांनी डी तयार होतं ते काचेतून आत येत नाहीत, आणि ते असतात दुपारी ११ ते २-३ च्या दरम्यान, तेव्हा आपण सगळ्या एसीत. सकाळी सातचं कोवळं ऊन छान वाटतं एवढंच.

स्नेहल_मुलुंड
अपडेट. फेरिटिन ६. सोनोग्राफी केली, गर्भाशयाच्या पोकळीत डोकावणारा फायब्रॉइड निघाला, छोटाच आहे पण जागा वाईट म्हणाल्या. दुर्बिणीतून काढता येईल, त्याआधी हिमोग्लोबिन वर आणायचं आणि पाळीत रक्त कमी जायला तीन-चार दिवसांच्या गोळ्या दिल्यात. आई म्हणते तुझ्या मावशीची पिशवी काढली ती याच्यासाठीच असणार, तेव्हा कोणी नीट सांगितलंच नाही.
आता प्रॅक्टिकल प्रश्न. थायरॉइड सकाळी, लोह उपाशीपोटी, कॅल्शियम जेवणानंतर, आणि साडेअकराला आमचा चहा, जो मी सोडणार नाही. हे सगळं बसवायचं कसं?

डॉ_अनु
सापडलं ते बरं झालं. थायरॉइडची गोळी उठल्या उठल्या पाण्याबरोबर, आणि तिच्यापासून लोह, कॅल्शियम दोन्ही चार तास लांब. कॅल्शियम दुपारच्या डब्यानंतर, एका वेळी ५०० मिलिग्रॅमच्या वर नको. लोह रात्री झोपताना, जेवणानंतर दोन तासांनी, लिंबूपाण्याबरोबर. लोह आणि कॅल्शियम एकत्र कधीच नाही, एकमेकांना अडवतात. बी१२ कधीही चालेल. तुझा साडेअकराचा चहा शाबूत, फक्त जेवणाला लागून चहा-कॉफी नको, मध्ये तासभर जाऊ दे.

लोह तुझ्या डॉक्टरांना विचारून एक दिवसाआड घेऊन बघ. एक डोस घेतला की शरीरात हेप्सिडिन नावाचं हार्मोन वाढतं आणि ते दुसऱ्या दिवशीच्या लोहाला आत येऊ देत नाही, म्हणून दिवसाआड घेतलेलं जास्त शोषलं जातं आणि पोटालाही त्रास कमी. शौचाला काळं होईल, घाबरू नको. ऑपरेशनची तारीख जवळची असेल तर शिरेतून लोह देतात, ते त्या ठरवतील. हिमोग्लोबिन १२ झालं म्हणून थांबू नको, साठा भरायला पुढे तीनेक महिने लागतात.

स्नेहल_मुलुंड
आणि गमीज? मैत्रिणीने एक डबी भेटच दिलीये 😅

लॅबमधला
त्यावर बायोटिन (केसांसाठी म्हणून घालतात ते बी गटातलं व्हिटॅमिन) किती लिहिलंय बघा. केसांच्या गोळ्या-गमीजमध्ये ते गरजेच्या शेकडो पट असतं, आणि काही लॅबच्या मशीनवर त्याने थायरॉइडचे रिपोर्ट चुकतात. तुम्ही थायरॉइडवाल्या आहात. खाल्ल्याच तर टेस्टच्या आधी दोन-तीन दिवस बंद ठेवा आणि रक्त घेणाऱ्याला सांगा. ६ फेरिटिनवर केस गळणारच, त्याला गमी काय करणार.

मुंबईकर_काकू
थायरॉइडवरून आठवलं, ते गुलाबी मीठ आणि सैंधव रोजच्या जेवणात वापरणाऱ्या खूप झाल्यात. साध्या मिठात आयोडिन घातलेलं असतं म्हणून तर ते गरोदर बायकांना गरजेचं. सैंधव उपासापुरतं ठेवा बायांनो.

गिरगावची_माई
स्नेहल, लोखंडी कढईत आंबट घालून भाजी कर, अळूचं फदफदं, चिंच घालून. हे तरी डॉक्टर मान्य करतील का?

डॉ_अनु
माई, १०० टक्के मान्य. लोखंडातलं लोह आंबटात जास्त उतरतं. फक्त शिजलं की दुसऱ्या भांड्यात काढा नाहीतर चव कळकते.

भाऊचा_धक्का
आणि तिसऱ्या? माझ्या तिसऱ्यांचं कोणी ऐकलंच नाही.

स्नेहल_मुलुंड
ऐकलं हो. रविवारी आणल्या होत्या, नवऱ्याने साफ केल्या, खोबरं लावून सुकं केलं. निम्म्या मुलाने संपवल्या, त्यामुळे पुढच्या वेळी मी आधी वाढून घेणार आहे. श्रावणात काय करायचं ते सांगा आता.

शेपूद्वेष्टी
बी१२ ची गोळी. श्रावणात पण चालते.